कोरीटच्या उन्हात वायूचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. कोरीटसारख्या गावात फ्रीज ही आता चैन राहिलेली नाही. पण त्याच्या आणि एसीच्या नळ्यांतून फिरणाऱ्या वायूला कायदा लागू आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये आला. 2000 च्या नियमांनी ओझोनला मारक वायूंवर देशात बंधनं घातली. एसीतला जुना आर-22 हा असाच वायू; तो आपल्याला 2030 पर्यंत जवळपास संपवायचा आहे. त्याच्या जागी आलेला आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट. म्हणून असे तापवणारे वायू कमी करण्यासाठी 2016 चा किगाली करार. भारताने तो 2021 मध्ये स्वीकारला, आणि प्रत्यक्ष कपात 2032 पासून सुरू होईल.

खरी गळती दुरुस्तीत होते. मेकॅनिक व्हॉल्व्ह सैल करतो, उरलेला वायू हवेत सुटतो. गळती न शोधताच नवा भरला जातो. साबणाचा फेस सांध्यावर लावला तर बुडबुडे जागा दाखवतात, दहा मिनिटांचं काम! वायू परत सिलिंडरमध्ये ओढून घेणारं यंत्र मात्र महाग. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ते सर्वांना वापरता यावं, अशी आमची मागणी आहे. प्रोपेनवर, म्हणजे आर-290 वर, चालणारे फ्रीज-एसीही वाढतील. हा वायू पेट घेतो, त्यामुळे प्रशिक्षण आधी हवं. आणि ग्राहकाने बिलावर वायूचं नाव लिहून मागावं.