रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कोठे?

पेढीवर नेमाने बसणारा तरुण मुलगा हळूहळू अबोल होत जातो. पहाटे तीनला जाग येते, अन्नावरची वासना उडते, खतावणी उघडली तरी आकड्यांत मन लागत नाही. घरची मंडळी त्याला शहरात नेऊन मेंदूचा एमआरआय काढून आणतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. वडीलधारे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि म्हणतात, “काहीच निघाले नाही. आता उगाच मनाला लावून घेऊ नकोस, उद्यापासून दुकानात ये.” त्या एका शब्दाने मुलाचे दुःखच खोटे ठरते.

येथे रिपोर्ट चुकलेला नसतो, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. एमआरआय मुख्यतः मेंदूची रचना दाखवितो. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची खूण, सूज त्यात दिसू शकते. नैराश्य किंवा चिंताविकार एखाद्या रुग्णात निश्चित ओळखता येईल, अशी खूण मात्र त्यात सापडत नाही. दुकानाच्या इमारतीचा नकाशा पाहून धंदा नफ्यात की तोट्यात, हे सांगता येत नाही; तसेच हे आहे.

म्हणून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. उतारवयात स्वभाव प्रथमच पालटला, फिट आली, डोक्याला मार लागल्यानंतर वागणे बदलले, अचानक भ्रम झाला किंवा हातापायातील शक्ती गेली, तर ती आवश्यक ठरते. पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठीही तीत दिसतात. दूषित पाणी व न धुतलेल्या भाज्यांतून ही अंडी पोटात जात असल्याने शाकाहारी कुटुंबांनीही हा धोका ध्यानात ठेवावा. कित्येकदा साधी रक्ततपासणीच अधिक उपयोगी पडते. थायरॉईडचा बिघाड आणि शाकाहारी घरांत वारंवार आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, या दोन्हींमुळे मन खचू शकते.

संशोधन पुढे जात आहे. अमेरिकेतील डॉ. हेलन मेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये नैराश्याच्या रुग्णांचे उपचारापूर्वी पेट स्कॅन केले. मेंदूच्या एका भागातील हालचालीवरून कोणाला औषध आणि कोणाला संवादोपचार लागू पडेल, याचा अंदाज बांधता येईल, असे त्यांना आढळले. मात्र ही पद्धत अद्याप नित्याच्या उपचारात आलेली नाही.

आजही निदान होते ते मुख्यतः मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाशी व घरच्यांशी केलेल्या सविस्तर बोलण्यातून. उदासी, निद्रानाश, निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांकडे जावे. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी पडले, तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो.

एका नयालाच पूर्ण सत्य मानले की तो दुर्नय होतो, ही शिकवण जैन घरांना नवी नाही. यंत्राने टिपलेले चित्र हा एक नय आहे. “मला बरे वाटत नाही,” हे मुलाचे सांगणे हाही एक नय आहे, आणि तो ऐकून घेण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.