दयाळाचा पांढरा पट्टा

परसदारी येणाऱ्या पक्ष्यांचे जलरंगातील चित्रण हा पक्षिचित्रकलेतला सर्वांत साधा प्रकार मानला जातो आणि म्हणूनच त्याची गणना बहुधा फावल्या वेळच्या छंदात होते. वस्तुतः निरीक्षणाची जी सवड या प्रकारात मिळते, ती या कलेतील मोठमोठ्या चित्रकारांनाही क्वचितच लाभलेली दिसते. जहांगीर बादशहासाठी गोव्याहून आणलेल्या टर्की कोंबड्याचे चित्र उस्ताद मन्सूर याने १६१२ च्या सुमारास काढले, तेव्हा तो पक्षी दरबारात एक नवलाची चीज म्हणून दाखल झाला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे सरन्यायाधीश एलिजा इंपी यांच्या पत्नी मेरी इंपी यांनी पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास या चित्रकारांकडून जी देखणी पक्षिचित्रे करवून घेतली, त्यांतील अनेक पक्षी त्यांच्या खासगी संग्रहात पाळलेले होते. आणि अमेरिकेतील जॉन जेम्स ऑडुबॉन तर पक्षी मारून, तारांच्या आधाराने त्यांना हवी ती ढब देऊन मग चित्राला हात घालत असे. या चित्रांची थोरवी निर्विवाद आहे, परंतु मोकळा पक्षी रोज त्याच वेळी त्याच फांदीवर येऊन बसतो आणि चित्रकाराला काल अपुरे राहिलेले आज पुरे करता येते, ही सोय त्यांतील बहुतेक चित्रांमागे नव्हती. बुलबुल जास्वंदीच्या ठरलेल्या फांदीवर येतो, साळुंकी नळाखालच्या ओल्या फरशीवर उतरते, शिंपी कुंड्यांच्या आडोशाने फिरतो; ही पुनरावृत्तीच परसातल्या चित्रकाराचे खरे भांडवल आहे.

रेखाटनाची पद्धतही या पुनरावृत्तीवरच बेतलेली असावी लागते. एका पानावर एकच चित्र पुरे करण्याचा हट्ट धरला तर पक्षी उडाला की हात थांबतो. त्याऐवजी त्याच पानावर निरनिराळ्या ढबींची चार-सहा रेखाटने एकाच वेळी चालू ठेवावीत आणि पक्षी जी ढब पुन्हा घेईल त्या रेखाटनाकडे परत यावे, ही रीत अधिक फलदायी ठरते. पहिली रेघ शरीराच्या कलाची असावी, म्हणजे पक्षी ताठ उभा आहे की आडवा झुकला आहे हे तिने सांगावे. त्यावर धडाचा अंडाकार, मग डोक्याचा गोल आणि त्यानंतर चोचीच्या रेषेशी नाते जुळवून डोळा. पायांच्या बाबतीत नवख्यांची हमखास गफलत होते, कारण पक्ष्याचा जो सांधा मागे वाकलेल्या गुडघ्यासारखा दिसतो तो वास्तविक घोटा असून खरा गुडघा पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. पिसे सुटीसुटी काढण्यापेक्षा त्यांचे गट ओळखावेत: पाठीची पिसे, खांद्यावरून पंखावर झुकणारी पिसे, पंखाच्या मुळाशी असलेली लहान आच्छादक पिसे आणि त्यांखालून बाहेर येणारी लांब उड्डाणपिसे. छायाचित्रावरून चित्र काढण्यात गैर काही नाही, परंतु छायाचित्रात प्रत्येक पीस सारख्याच हक्काने समोर येते आणि काय वगळावे हा निर्णय डोळ्यांवर सोपवला जात नाही. जिवंत पक्षी मात्र तो निर्णय घ्यायला भाग पाडतो.

जलरंगात हा वगळण्याचा निर्णय रंग कालवण्याच्याही आधी घ्यावा लागतो. डिंकात घोटलेले हे रंग पाण्याने पातळ करून कागदावर चढवले जातात, ते पारदर्शक असतात आणि त्यांतला पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. पातळ थरांतून प्रकाश खेळवण्याचे या माध्यमाचे सामर्थ्य सा. ल. हळदणकर यांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रामुळे मराठी रसिकांना परिचित आहे. पक्षिचित्रणात या सामर्थ्याची कसोटी पाहणारा पक्षी म्हणजे दयाळ. नराचे डोके, छाती व पाठ चकचकीत काळी, पोट पांढरे, पंखावर लांबवर गेलेला पांढरा पट्टा आणि वर उचललेल्या शेपटीची मधली पिसे काळी, तर कडेची पांढरी असतात. मादीत काळ्याची जागा राखी छटा घेते. पंखावरचा तो पट्टा कोरडाच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी गडद रंग सावकाश आणावा लागतो, आणि या वेळी कुंचल्यात पाणी किती आहे यावर सारे अवलंबून असते. ट्यूबमधला तयार काळा येथे सपाट व निर्जीव दिसतो; अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ही तांबूस माती दाट कालवली तर जो काळा तयार होतो त्यात निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पाठीवरची निळसर झाक आपसूक उमटते. पोट पांढरे दिसण्यासाठी पोट रंगवायचे नसून त्यामागची पाने रंगवायची असतात. पोटाच्या खालच्या बाजूला निळसर राखी सावलीचा एक हलका हात पुरतो, मात्र पक्षी कोकणातल्या लाल मातीवर उतरला असेल तर त्या सावलीत मातीचा तांबूसपणा मिसळलेला दिसतो आणि तो टिपला की पक्षी जमिनीवर टेकतो.

जांभळ्या शिंजिराचा प्रश्न वेगळा आहे. विणीच्या हंगामातील नर सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडताच निळा-जांभळा चमकतो, कारण पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळताना काही रंग बळावतात व काही क्षीण होतात, आणि पाहण्याचा कोन बदलला की हे गणितही बदलते. अशा पक्ष्यासाठी आधी निळ्या-जांभळ्याचा स्वच्छ, फिका थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर गडद थर चढवताना उजेड पडलेल्या जागी पहिल्या थराच्या बारीक फटी राखाव्यात. धातूसारखे चकाकणारे तयार रंग येथे वापरणे ही पक्ष्याशी केलेली प्रतारणाच म्हणावी लागेल.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. विदर्भातील मे महिन्यात थर पसरण्याआधीच त्याची कड वाळते, तर कोकणातील आषाढात कागद तासभर ओलसर राहतो आणि अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की तो रंगाला बाहेर ढकलून दातेरी कडा उमटवतो. सातभाईंच्या विस्कटलेल्या मातकट पिसाऱ्याला ही दातेरी कडा शोभूनही दिसते. ३०० जीएसएम वजनाचा, सुती तंतूंपासून केलेला कागद दोन्ही ऋतूंत तग धरतो.

रेखाटनाच्या कडेला तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि पक्षी काय करत होता याची नोंद असावी, हा आग्रह केवळ शिस्तीचा नाही. सालिम अली यांचे १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आणि त्यानंतरची ओळखपुस्तके यांतील चित्रांना ओळख पटवण्याचे काम करायचे असते, त्यामुळे पक्ष्याचे ठळक रूप तेवढे तेथे प्राधान्याने येते. परसातल्या वहीत मात्र पावसाळ्यानंतरचा शिंजिराचा नर येतो, ज्याची चमक विणीनंतर ओसरलेली असते, अंगावर मादीसारखा पिवळसर रंग चढलेला असतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळ्या रंगाची एकच उभी पट्टी उरलेली असते. पुढे त्याच्या अंगावर एकेक काळे पीस कसे परत येते, हे त्याच फांदीवरच्या त्याच पक्ष्याच्या आठवड्या-आठवड्याच्या चित्रांतून क्रमाने पाहता येते.