गेम कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते, तेव्हा चूक कोणाची? झरी जामणीत बसून काय करता येईल?

कंट्रोलर टेबलावर ठेवलाय, कुणाचं बोटही लागलेलं नाही, तरी स्क्रीनवरचा खेळाडू हळूहळू डावीकडे चालतोय. गेमर मंडळी याला 'स्टिक ड्रिफ्ट' म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवरच्या झरी जामणी तालुक्यात हे घडलं, तर दुरुस्तीसाठी आधी वणी किंवा पांढरकवडा गाठावं लागणार. तिथला मोबाइल कारागीरही कंट्रोलर उघडेलच असं नाही. मग ऐकावं लागतं, 'तूच आपटला असशील.'

बहुतेक वेळा तसं नसतं. स्टिकच्या खाली पोटेन्शियोमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा, तोच प्रकार. कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची छोटी पट्टी घासत फिरते आणि व्होल्टेजवरून स्टिक कुठे आहे ते कळतं. रोजच्या घासण्याने कार्बन झिजतो, भुकटी साचते, स्प्रिंगही सैल पडते. स्टिक मध्यभागी असूनही कंट्रोलरला ती सरकलेली वाटते.

दुरुस्तीची माहिती देणाऱ्या 'आयफिक्सिट' या अमेरिकी कंपनीने 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 चा कंट्रोलर उघडला. त्यातल्या स्टिकच्या भागाचं आयुष्य 20 लाख फेऱ्यांचं होतं. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळणाऱ्यासाठी त्यांनी हिशेब मांडला तो साधारण 417 तासांचा. रोज दोन तास खेळलं तर सात महिने.

निन्टेन्डोच्या जॉय-कॉनवरून अमेरिकेत 2019 मध्ये ग्राहक कोर्टात गेले. 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या तक्रारीनंतर 2023 मध्ये तिथे वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्ती मान्य झाली. उपाय तर जुनाच आहे. चुंबकावर चालणारे, न घासणारे 'हॉल इफेक्ट' सेन्सर सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये 1998 सालीच होते.

घरी काय करून पाहावं? कंट्रोलर रीसेट आणि अपडेट करा. गेमच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' थोडा वाढवा, म्हणजे स्टिकची बारीक थरथर गेम मोजणार नाही. कंट्रोलर बंद करून स्टिकच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब टाका, स्टिक गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. भुकटी असेल तर फरक पडतो. झिजलेला कार्बन मात्र यानं परत येत नाही. (जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारखी फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.) पक्का उपाय म्हणजे स्टिकचा भाग बदलणं. तो भाग स्वस्त असतो, पण डझनभराहून जास्त ठिकाणचं सोल्डर काढावं लागतं. पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हातात घेणाऱ्याने हा प्रयोग टाळावा.

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हातच लावू नका. कंट्रोलरला न शिवता खेळाडू सरकतोय असा व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा आणि कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढची पायरी यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. झरी जामणीच्या ग्राहकाला कायद्याने दिलेली ही सगळ्यात कामाची सोय, आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

वॉरंटी संपल्यावर मात्र हात रिकामे राहतात. केंद्राने 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं. मे 2025 मध्ये सरकारी समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'ची शिफारस केली. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती लवकर मिळतात, यावर गुण द्यायचे आणि ते खरेदीआधीच ग्राहकाला दिसायचे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करावी, असं समितीने सुचवलंय. गेम कंट्रोलर त्या पहिल्या यादीत नाहीत.