पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

खात्यातले पैसे परस्पर गेले, की आपल्या वस्तीत पहिले दोन दिवस चर्चेतच जातात. शेजारीपाजारी येऊन बसतात. कोणी म्हणतो आधारवरून गेले, कोणी म्हणतो मोबाइलवरून. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा फोनवर आईलाच रागावतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी मजुरी पाडून बँकेत जातो. खिडकीवरचे साहेब पासबुक चाळून म्हणतात, "तुम्हीच कोणाला तरी ओटीपी दिला असेल, पोलिसांत जा." पोलीस ठाण्यात म्हणतात, "आधी बँकेत जा." सोयाबीनचे, मजुरीचे, श्रावणबाळचे किंवा लाडक्या बहिणीचे पैसे या दोन दारांच्या मध्येच विसरले जातात. वाशिम असो, रिसोड असो, मानोरा असो की कारंजा, आमच्याकडे पासबुक घेऊन येणाऱ्यांची हकीकत थोड्याफार फरकाने अशीच असते. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "बँकेत काय लिहून दिले?" उत्तर येते, "लिहून नाही दिले भाऊ, तोंडी सांगितले."

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही कारकुनी करणारी माणसे आहोत. आवक-जावक रजिस्टर हाताळण्यात आमची हयात चालली आहे. कोणत्याही कार्यालयात तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही, आणि पुढे प्रकरण वर गेले की पहिली विचारणा तारखेची होते. बँकेच्या बाबतीत तर ही तारीखच पैशाएवढी मोलाची आहे. ती का, हे समजून घेऊ.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. ग्राहकाच्या संमतीशिवाय इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे गेले, तर नुकसान किती ग्राहकाने सोसायचे आणि किती बँकेने, याचा नियम त्यात घालून दिला. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. नियम थोडक्यात असा. चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी व्यवस्थेत शिरून पैसे उडवले, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर त्या व्यवहारामागे जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये आणि साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये ग्राहकाच्या अंगावर येतात. सात दिवसही उलटले, की बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवणार.

हे दिवस कसे मोजायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संदेश आला तो दिवस धरायचा नाही, आणि आपली शाखा ज्या दिवशी बंद असते तो दिवसही धरायचा नाही. समजा शुक्रवारी रात्री संदेश आला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार हे तुमचे तीन दिवस. बुधवारी शाखा बंद होण्यापूर्वी तुमच्या अर्जावर शिक्का पडला पाहिजे. पण याचा अर्थ बुधवारपर्यंत थांबा असा नव्हे.

त्याच परिपत्रकात आणखी एक वाक्य आहे, ते आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. खिडकीवर "तुम्ही ओटीपी दिला असेल" असे म्हणणे सोपे आहे; ते "असेल" कागदावर दाखवणे हे बँकेचे काम आहे. तुम्ही कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवावी आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, असेही त्यात आहे. रिझर्व्ह बँक असे नियम अधूनमधून सुधारते, म्हणून आपल्या बँकेचे सध्याचे धोरण शाखेत मागून पाहा. ते लोकांसाठी खुले ठेवणे बँकेवर बंधनकारक केलेले आहे.

आता कोणी म्हणेल, हे नियम कागदावर ठीक आहेत, बँकेपुढे कोणाचे चालते? तर मुंबईचे उदाहरण ऐका. १ ऑक्टोबर २०२२ रोजी बँक ऑफ बडोदामधील एका कंपनीच्या खात्याला परकी नावे जोडली गेली आणि दुसऱ्या दिवशी ७६,९०,०१७ रुपये बाहेर गेले. खातेदारांचे म्हणणे असे, की नावे जोडताना आम्हाला ओटीपी आलाच नाही. त्यांनी लगोलग पोलिसांना आणि बँकेला कळवले. बँकेने हात वर केले. लोकपालाकडे गेले, तिथेही तक्रार फेटाळली गेली. ते उच्च न्यायालयात गेले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याच २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे खातेदाराची जबाबदारी शून्य ठरवली आणि पूर्ण रक्कम परत करण्याचा आदेश बँकेला दिला. ते व्यापारी होते, त्यांच्यापाशी वकील होते, हे खरे. पण ज्या कागदावर ते जिंकले, तो जनधन खात्यालाही लागू होता.

दुसरे उदाहरण लहान रकमेचे आहे, म्हणून आपल्याला जवळचे. गुवाहाटीच्या एका ग्राहकाने दुकानातून मागवलेला कोट परत करायचा म्हणून खटपट केली. दुकानाचा माणूस असल्याचे भासवून एकाने त्याला मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावले आणि स्टेट बँकेच्या खात्यातून ९४,००० रुपयांवर रक्कम गेली. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. बँकेचे म्हणणे पडले, की याने स्वतःच गुप्त आकडे सांगितले. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३ जानेवारी २०२५ रोजी तिथेही तिची याचिका फेटाळली गेली. त्याच वेळी न्यायालयाने खातेदारांनाही बजावले, की ओटीपी कोणाला देऊ नका. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या. प्रत्येक प्रकरणात असाच निकाल लागेल असे आम्ही म्हणत नाही.

आणि खरोखरच ओटीपी सांगितला गेला असेल तर? नियम सांगतो, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे, तो बँकेला कळवेपर्यंत, त्याचे नुकसान. कळवल्यानंतर गेले तर ते बँकेचे. म्हणजे लाजेने दोन दिवस गप्प बसणाऱ्याचे नुकसान वाढतच जाते. घरातली मुले आईवर, सासऱ्यावर ओरडतात, त्याने तर माणूस आणखी दडवतो. रागवायचे असेल तर शिक्का घेऊन आल्यावर रागवा.

आपल्या भागात दुसरा प्रकार अंगठ्याचा आहे. ग्राहक सेवा केंद्रात म्हातारी माणसे आधार कार्ड देतात, यंत्रावर बोट ठेवतात. "चालत नाही आजी, पुन्हा ठेवा." पुन्हा ठेवतात. सगळे केंद्रचालक तसे नसतात, अनेकांनी गावोगावी चांगली सेवा दिली आहे. पण प्रत्येक वेळी बोट ठेवल्यावर छापील चिठ्ठी मागितली पाहिजे, व्यवहार फसला असेल तर फसल्याचीही. या पद्धतीने पैसे काढायला ओटीपी लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. तेव्हा अंगठ्यावरून पैसे गेले असताना कोणी ओटीपीचे बोलू लागले, तर त्याला शांतपणे विचारा, "साहेब, यात ओटीपी कुठे येतो?" बोटाचे ठसे आधारच्या ॲपवरून कुलूपबंद करता येतात. घरातल्या शिकल्यासवरल्या मुलामुलीने हे करून द्यावे. मात्र कुलूप लावले असताना रेशन दुकानातही अंगठा उठत नाही, म्हणून उघडायचे कसे तेही शिकून ठेवा, नाहीतर धान्याच्या दिवशी घरात भांडण.

पैसे गेल्याचे कळताच पहिले काम १९३० या क्रमांकाला फोन. रात्र असो, सुट्टी असो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. तासाभरात कळवले तर मध्येच अडवले जाण्याचा संभव असतो. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक पासबुकाच्या पानावरच लिहून ठेवा. मग बँकेचा टोल फ्री क्रमांक. तो एटीएम कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा, मोबाइलवर शोधू नये, कारण तिथे ठगांनीच आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. त्यानंतर, शाखा उघडताच, लेखी अर्ज. १९३० ला फोन केला म्हणजे बँकेला कळवले, असे धरून बसू नका.

अर्ज मराठीत लिहा, साध्या वहीच्या कागदावर चालेल, दोन प्रती काढा. शाखा व्यवस्थापकांच्या नावे असा मजकूर असावा: "माझे बचत खाते क्रमांक अमुक आपल्या शाखेत आहे. दिनांक अमुक रोजी अमुक वाजता रुपये अमुक इतकी रक्कम माझ्या संमतीशिवाय वजा झाली. ते मला अमुक दिनांकास संदेशावरून (किंवा पासबुकातील नोंदीवरून) कळले. हा व्यवहार मी केलेला नाही. १९३० वरील तक्रारीचा क्रमांक अमुक. माझे कार्ड, मोबाइल व्यवहार व आधारवरून पैसे काढण्याची सोय तात्काळ बंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम परत जमा करावी आणि या तक्रारीचा क्रमांक मला द्यावा." पैसे एटीएमवरून किंवा केंद्रातून गेले असतील, तर तिथले कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे असेही एक वाक्य घाला. ते कायमचे ठेवलेले नसते. कोणाचा फोन आला होता, त्याने काय करायला लावले, हे घडले तसे लिहा. ओटीपी सांगितला असेल तर नाही म्हणून लिहू नका. पुढे फोनची नोंद निघते आणि एका खोट्यापायी बाकीचे खरेही बुडते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पुष्कळदा सांगतात, "ठेवून जा, पाहतो." तिथे हात जोडून, पण जागचे न हलता म्हणायचे, "साहेब, पोच द्या." बायाबापड्यांनी एकटे जाऊ नये, सोबत कोणी तरी न्यावे. दोन माणसे उभी असली की शिक्क्याचे पॅड लवकर सापडते, हा आमचा अनुभव. तरीही नकार मिळाला, तर त्याच दिवशी तोच अर्ज शाखेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी ही एकच योजना झाली. फी नाही, वकील लागत नाही. कागदी तक्रार चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते, मराठीत लिहिलेली सुद्धा. १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे खातेदार, म्हणजे मे २०२५ पूर्वीचे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचेही, तिथे जाऊ शकतात. जिल्हा मध्यवर्ती बँका नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्या, त्यामुळे अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकेत खाते असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी-मजुरांनाही हा मार्ग खुला झाला. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली नसते; तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. लोकपालाच्या अर्जाला बँकेत दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडावी लागते, म्हणून मूळ प्रत कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.