लॉकेटचा निरोप कोणाला जातो?

मा. मंत्री,
महिला व बालविकास मंत्रालय, नवी दिल्ली

माझी मुलगी पुण्यात नर्स आहे, राहते हडपसरला. मी बार्शीला. तिच्या भावाने तिला ओवाळणीत एक लॉकेट घातलं. दिसायला साधंच, मागे चिमुकलं बटन. दोनदा दाबलं की पर्समधल्या मोबाइलला ब्लूटूथने कळतं आणि मोबाइल मला, भावाला नि तिच्या मैत्रिणीला नकाशासकट निरोप धाडतो.

एका रात्री साडेदहाला तो निरोप आला. मी भांडी विसळत होते. नकाशावरचा निळा ठिपका कालव्याच्या मधोमध! तिला फोन लावला, उचलेना. भाऊ बंगळुरूला, मैत्रीण ड्यूटीवर. सतरा मिनिटांनी तिचाच फोन आला, सॅकचा पट्टा बटनावर दाबला गेला होता म्हणे. ती हसत होती. माझ्या हाताचा साबण तसाच वाळला होता.

112 या आपत्कालीन क्रमांकाला का नाही कळवलं, असं विचाराल. पत्ता काय सांगणार, कालवा?

2018 साली दिल्लीच्या तरुणांनी बनवलेल्या अशाच ‘सेफर’ उपकरणाला दहा लाख डॉलरचं एक्सप्राइझ मिळालं. त्या स्पर्धेत 90 सेकंदांत इशारा पोचायची अट होती. इशारा, माणूस नव्हे. मोबाइलचं तर विचारूच नका. 1 जानेवारी 2017 पासून प्रत्येक नव्या फोनला आपत्कालीन बटन हवं, असा सरकारी आदेश निघाला. साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचा. आमच्या भिशीत विचारलं, एकीलाही ठाऊक नव्हतं.

महिलांच्या सुरक्षेसाठीचा निर्भया निधी 2013 मध्ये 1000 कोटींनी सुरू झाला, 112 ची यंत्रणा त्यातूनच उभी राहिली. मग बाजारात विकल्या जाणाऱ्या लॉकेट-अंगठ्यांचा निरोप आईबरोबर थेट 112 लाही जावा, अशी सक्ती का नाही? पोलिसांना धावायला न लावता बटन तपासून बघायची सोय का नाही? आणि हाक गेल्यापासून पोलीस पोचेपर्यंत किती मिनिटं लागली, ते जिल्हावार छापा. 112 गृहमंत्रालयाकडे आहे, ठाऊक आहे मला. एकदा दोघे एका टेबलाशी बसा.

लेकीने लॉकेट काढून ठेवलंय. त्या रात्रीनंतर मी दिवसभर तो ठिपकाच बघत बसायचे, ती वैतागली. चार्जिंग मात्र ती दर रविवारी करते.

आपली,
बार्शीची एक आई