लाईन फिकी येतेय? व्होल्टेजला हात लावू नका!

ऑनलाइन किट मागवलं, बॉक्स फोडला, प्रॅक्टिस स्किनवर पहिली लाईन मारली आणि ती आली शाई संपत आलेल्या बॉलपेनसारखी. सुरुवातीला ठसठशीत, मध्येच गायब, शेवटी जाड ठिपका. मग काय करता तुम्ही? व्होल्टेज वाढवता. तरी जमत नाही म्हटल्यावर सुई आणखी आत दाबता. खरा घोळ इथंच सुरू होतो, दोस्तहो.

टॅटूची शाई त्वचेवर नाही, त्वचेच्या आत बसते. वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, तो साधारण महिनाभरात नवा होतो. त्यात अडकलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. टिकते ती खालच्या डर्मिसमधली, साधारण 1 ते 2 मिलिमीटर आतली. त्याच्याही खाली गेलात की शाई पसरते आणि लाईनभोवती निळसर ढग तयार होतो. याला म्हणतात ब्लोआऊट. फिकी लाईन नंतर गडद करता येते, ब्लोआऊट परत आत घेता येत नाही. त्यामुळे शंका आली की दाबायचं नाही, थांबायचं. मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ, तर दंडाची जाड. एकच खोली सगळीकडे चालत नाही.

आता वेगाचं बघू. शिलाई मशीनवर कापड भरभर ओढलं की टाके लांब लांब पडतात ना? तसंच. सुई एका लयीत वर-खाली होत असते. हात तिच्या पुढे पळाला की लाईनऐवजी ठिपक्यांची रांग उमटते आणि रेंगाळला की त्वचा सोलवटते. व्होल्टेज एकदा ठरवा, मग हाताचा वेग त्याला जुळवा. दर दोन मिनिटांनी बटण फिरवत बसलात तर चूक हाताची की मशीनची, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पण आमच्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार वेगळाच आहे. तो म्हणजे तुमचा दुसरा हात! ढोलपथकात असाल तर लगेच पटेल. पान ढिलं असेल तर टिपरू कितीही जोरात मारा, ठोका बसत नाही. त्वचाही तशीच. ढिली असली की सुईबरोबर आत दबते, परत उसळते, आणि शाई कुठे जाते कुठे नाही. एका हाताचा अंगठा आणि बोट, शिवाय मशीन धरलेल्या हाताची कड, अशी तीन बाजूंनी ताणा. बहुतेक नवशिक्यांचं सगळं लक्ष मशीनच्या हातावर असतं आणि दुसऱ्या हातात नुसता टिश्यू.

बारीकसारीक कारणंही असतात. टोकात शाई सुकलेली, वायर ढिली, सुई वाकलेली. हे दोन मिनिटांत तपासून होतं. स्टेन्सिलचं मात्र नीट ऐका. लावल्यावर 10-15 मिनिटं वाळू द्या, काम खालच्या बाजूनं सुरू करा आणि शाई पुसताना घासू नका, टिपा. स्टेन्सिल पुसलं गेलं की तुम्ही अंदाजानं लाईन मारता, आणि अंदाजाची लाईन थरथरतेच. लांब लाईनला मनगट नाही, कोपर-खांद्यापासून हात हलवा.

प्रॅक्टिस स्किनवर शाई वरच माखते, तेव्हा आधी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. आणि हेही खरं, की सिलिकॉनला ना रक्त येतं ना ते कण्हतं. म्हणून मग होस्टेलच्या रूमवर एखादा मित्र पुढे येतो, "माझ्यावर कर रे, बिनधास्त!" इथं आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. सुई पुन्हा वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण हा मित्र पहाटे ग्राउंडवर आर्मी भरतीसाठी पळतोय का, हे विचारलंत? सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. दंडावरची तुमची प्रॅक्टिस त्याला बाहेर बसवू शकते. रक्तदानालाही त्याला वर्षभर नकार मिळेल. त्याचा हात म्हणजे तुमची रफ वही नव्हे.

हिंमत म्हणून फिक्या लाईनवरून त्याच दिवशी चार-चार वेळा फिरणारेही आहेत. त्यानं लाईन गडद होत नाही, व्रण उठतो. आजीच्या हातावरचं गोंदण जवळून बघा एकदा. ना व्होल्टेज, ना कार्ट्रिज, तरी रेघ आयुष्यभर टिकली. हिरवट झाली, थोडी पसरली, कारण त्वचाही म्हातारी होते. तुमची लाईनही पसरेल, म्हणून दोन रेघांत जागा सोडायला आत्तापासूनच शिका.

माणसाच्या त्वचेवरची पहिली लाईन स्टुडिओत, अनुभवी आर्टिस्ट शेजारी उभा असताना, नवी सुई आणि नवी शाईची टोपी उघडून. ताजी लाईन सगळ्यांचीच काळीभोर दिसते, त्या फोटोवर फुशारू नका. 4 ते 6 आठवड्यांनी त्याच माणसाला बोलवा, खिडकीच्या उजेडात बसवा आणि मग दुसरा फोटो काढा. टचअप कुठे लागतोय, ते त्यात दिसेल.