नुसता शांत झालो म्हणजे बरा झालो का?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा विषय निघाला की तो शेतकरी आत्महत्यांपाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. २०१५ साली राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला तोही त्या रोखण्यासाठीच, आणि तो हवाच होता. पण ज्यांच्या कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे असे ज्यांना ठामपणे वाटते, ती माणसेही याच गावांत राहतात. मी त्यांच्यातलाच. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत. त्या कुणी मनानेच बंद कराव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण ओपीडीत विचारपूस होते ती सोबत आलेल्या भावाकडे. झोपतो का, जेवतो का, त्रास देतो का? ‘आता शांत असतो’ एवढे त्याने सांगितले की मी सुधारलो! त्या शांतपणात गोळीची गुंगी किती, हे मला कुणी विचारत नाही. वेचणीच्या दिवसांत बायामाणसे पहाटेच वावरात जातात. माझे डोळे तेव्हा उघडत नाहीत. बोटांना कंप असतो, बोंडातला कापूस एका ओढीत निघत नाही, आणि संध्याकाळी काट्यावर माझेच गाठोडे हलके भरते. ही मजुरीही भावाच्या हातात दिली जाते.

आवाज माझे पूर्ण गेलेले नाहीत. ते येत असतानाही मी कामावर टिकतो, याला मी बरे होणे म्हणतो. मजुरी माझ्या हातात पडावी, जमिनीच्या बोलणीत मला बसवावे. घरात वाद झाला तर ‘गोळी घेतली का?’ म्हणण्याआधी माझा मुद्दा ऐकावा. चारचौघांसारखे रागावताही आले पाहिजे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आमच्या बाजूचा आहे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कुणी बोलावे, हे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येते. साखळीने बांधणे तर कायद्यानेच बंद आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. पण नुसते नाव पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले. आमच्याकडे मात्र नाव कानावर पडले की स्थळ परत जाते.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांना आणि नातेवाइकांना एकत्र बसून बोलायला जागा दिली. दारव्हा, पुसद, वणीच्या सरकारी दवाखान्यांतही महिन्यातून एक दुपार तशी मिळावी. खर्च फार नाही, एक खोली आणि ऐकणारा माणूस लागेल. तोवर डॉक्टरांना एवढीच विनंती : भावाला काय विचारायचे ते विचारा, पण आधी माझ्याकडे बघून मला विचारा.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती)